कुणालाही न सांगता

—नाही नाही, तुमच्यावर चिडलो नाही हो मी, मिस्त्री, तुम्ही कशाला माफी मागता, मी एवढंच विचारतोय की माझ्या कागदावर ही तांबडी रेघ मारली कुणी? कागद माझा, अक्षर माझं, मागच्या सोमवारी मी माझ्या हातानं तुम्हाला दिला — वर हिचं, माझ्या बायकोचं नाव, खाली जन्म, मृत्यू, आणि त्याच्याखाली एक ओळ. एकच ओळ. आणि त्या ओळीवरून ही रेघ अशी ओढलीय की कागद फाटायचाच काय तो राहिलाय. आणि बाजूला हे बारीक अक्षरात — थांबा, चष्मा लावतो — ‘हे खरं नाही.’ हं. अक्षर ओळखीचं आहे. ओळखीचं म्हणजे काय, मीच गिरवून घेतलंय ते. माझी मुलगी आली होती का? — कधी? काल? काल दुपारी? बरं. बरं बरं. मला ठाऊकच होतं ती येणार म्हणून. — नव्हतं ठाऊक. चार तासांचा प्रवास करून पोरगी या गावात येते, दगड बघायला तुमच्याकडं येते, आणि बापाचं घर इथून तीन चौक पुढं, तिथं मात्र — असू दे. घाई असेल. परतीची गाडी असेल.

बसू का जरा? चढण चढून आलो की गुडघे कुरकुरायला लागतात. हे स्टूल — अरे वा, उशी! सोमवारी तर नव्हती. दगडाच्या दुकानात उशी म्हणजे कमालच झाली, जिकडंतिकडं पांढरी भुकटी, करवतीचं पाणी पायाखालून वाहतंय, आणि मध्येच ही फुलाफुलांची उशी. घरून आणलीत? कुणासाठी, तिच्यासाठी? का बरं, आजारी-बिजारी नाही ना ती? — नुसती मान हलवू नका, मिस्त्री, बरी आहे ना? बरी आहे. मग झालं. तुम्ही मनानं चांगले आहात, बाईमाणूस उभं राहिलं तर तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं असेल.

तर ही ओळ. ही ओळ राहू द्यायची बरं का, रेघेकडं लक्ष देऊ नका. मी वाचून दाखवतो — ‘तिने आपले दुखणे कुणालाही न सांगता सोसले.’ काय वाईट आहे यात? सांगा ना. सात शब्द. पहिल्यांदा मी पानभर लिहिलं होतं, पानभर! मग खोडत खोडत अर्ध्या पानावर आलो, मग चार ओळींवर, मग या सात शब्दांवर. माझ्यासारख्या माणसाला सात शब्दांवर यायला काय पडतं ते तुम्हाला नाही कळायचं. मी पाळक होतो, चर्चचा, एकतीस वर्षं. दर रविवारी पाऊण तास बोलायचं, मधे बुधवारी प्रार्थनासभा, लग्नात बोलायचं, मातीला बोलायचं, पाळण्यातल्या पोराच्या बारशालासुद्धा दहा मिनिटं बोलायचं. मंडळी म्हणजे आमच्याकडं चर्चची माणसं, हं — बायको नव्हे, हसू नका — तर मंडळी म्हणायची, पाळकसाहेबांना तोंड उघडायला वेळ लागत नाही आणि मिटायला सवड मिळत नाही. प्रेमानं म्हणायची. मला आवडायचं ते.

आणि अजून बोलावतात बरं का. निवृत्त झालो म्हणून काय झालं. हे बघा, बिशपसाहेबांचं पत्र, खिशातच आहे. येत्या शनिवारी नव्या पाळकांचं शिबिर आहे, वीस-बावीस जण, नुकतीच दीक्षा झालेली माणसं, त्यांच्यापुढं मी बोलायचं. विषय काय ठाऊक आहे? पुढाऱ्यानं शहाणपणात कसं वाढावं. मी! शहाणपणावर! — पण करतोय तयारी. सगळं जुळवलंय. आणि शेवटी हिचं सांगणार होतो. हिनं दुखणं कसं गिळलं, कुणाला चकार शब्द बोलली नाही, स्वतःच्या नवऱ्याला कळू दिलं नाही की मंडळीचं काम थांबेल. डोळ्यांतून पाणी काढलं असतं मी त्या पोरांच्या. म्हणून तीच ओळ दगडावर. शनिवारी सांगायचं आणि वर्षाच्या दिवशी दगड उभा करायचा, पुढच्या आठवड्यात वर्ष होतं हिला. कसं एकाला एक जुळलं होतं.

‘हे खरं नाही.’ — तिला काय ठाऊक? — तिलाच ठाऊक आहे म्हणा.

तुमच्या धंद्यात चूक झाली तर काय करता हो? म्हणजे एखादा काना राहिला, वेलांटी उलटी पडली? — दगड उलटा करता? आणि मागल्या बाजूनं नव्यानं कोरता! आणि ती चुकीची बाजू भिंतीकडं. वा. आणि समजा दोन्ही बाजूंनी चुकलं? — तेवढे वाईट कारागीर नाही तुम्ही. खरं आहे. मी होतो.

आमच्यात दाखले लागतात, मिस्त्री. नुसतं वचन वाचून दाखवलं तर माणसं पेंगतात, तिसऱ्या बाकावरचे निवृत्त हेडमास्तर तर उघड घोरायचे. दाखला दिला की जागी होतात. आता दाखले आणायचे कुठून? मी तरुण होतो, जग पाहिलं नव्हतं, पाहिलं होतं ते माझं घर. मग घरातलेच द्यायला लागलो. आज बायकोशी भांडण झालं — रविवारी क्षमेवर प्रवचन. डाळ करपली — सहनशीलतेवर. ही वही त्यातूनच सुरू झाली, ही, या आतल्या खिशातली, ही सतरावी का अठरावी असेल. विषयवार लिहितो. पश्चात्ताप, क्षमा, धीर, आशा. रात्री निजताना हिनं काही सांगितलं की सकाळी वहीत. हिला कळायला लागलं होतं ते. बोलता बोलता मधेच थांबायची आणि म्हणायची, ‘अहो, हे घरातलं आहे हं.’ आणि मी म्हणायचो, हो गं, हो. आणि नाव घ्यायचो नाही. कधी म्हणजे कधी नाव घेतलं नाही मी कुणाचं, ‘माझ्या परिचयाची एक भगिनी’ म्हणायचो. माझ्या परिचयाची! सगळी मंडळी माना वळवून पहिल्या बाकाकडं बघायची आणि ही तिथं मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसायची.

मुलगी नऊ वर्षांची होती. वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी उचलली तिनं. दोन दिवस लपवली, मग तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आली, रडून रडून नाक लाल, ‘पप्पा, मी चोरी केली.’ आईकडं नाही गेली हं, माझ्याकडं आली. मी तिला जवळ घेतलं, आम्ही दोघांनी प्रार्थना केली, पेटी परत केली, सगळं छान झालं. तिथं थांबायचं की नाही? — रविवारी सांगितलं मी. ‘एक लहान मुलगी.’ नाव घेतलं नव्हतं. कंपासपेटीवालीची आई दुसऱ्या बाकावर बसली होती. लोक दारात माझा हात हातात घेऊन म्हणाले, पाळकसाहेब, आज काळजाला हात घातलात. घरी आलो तर ही जेवायला वाढत होती आणि पोरगी कॉटखाली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर ती मला सगळं सांगायची — परीक्षेचे मार्क, बसची वेळ, चप्पल तुटली — सगळं सांगायची, आणि काही म्हणजे काही सांगायची नाही. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं लागली असतील? वीस. मोठा शहाणा पुढारी ना मी.

कंटाळलात का? करवत बंद ठेवलीत माझ्यामुळं. — चार वर्षांपूर्वी, लग्नाला तिच्या सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, एका बुधवारी जावयाचा फोन आला की दिवस राहिलेत. तिसरा महिना. म्हणाला, पप्पा, अजून कुणाला सांगू नका हं, डॉक्टर जपायला म्हणालेत. मी म्हटलं, छे छे. आणि रविवार आला. व्यासपीठावर उभा राहिलो, आणि समोर ती सगळी ओळखीची तोंडं, आणि माझ्या छातीत मावेना हो. मिस्त्री, मला सांगा, एवढा आनंद झालेला माणूस — प्रार्थनेत म्हणालो मी, घोषणा नाही केली, प्रार्थनेत म्हणालो, प्रभू, आमच्या लेकीच्या पोटातल्या त्या जिवासाठी तुझे आभार. आमच्याकडं प्रार्थनेत म्हटलं की ते सांगणं होत नाही असं आम्हाला वाटतं. डोळे मिटलेले असतात ना सगळ्यांचे. संध्याकाळपर्यंत तिला तीसेक फोन गेले. आणि बाराव्या दिवशी ते मूल राहिलं नाही. मग पुन्हा फोन. पुन्हा तीच माणसं. ज्यांना-ज्यांना मी सांगितलं होतं त्या एकेकाला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की नाही, नाही राहिलं. माझ्या चर्चच्या ऑर्गनवाल्या बाई तर लोकरीचे मोजे विणून घेऊन गेल्या होत्या तिच्याकडं, त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा मी शहाणा झालो. झालो असं वाटलं मला. जीव तुटला माझा, खोटं नाही सांगत, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि मग काय केलं असेल मी? — ओळखा. — पुढच्या महिन्यात चूक कबूल केली. व्यासपीठावरून! जिभेच्या पापावर प्रवचन, आणि दाखला म्हणून माझीच चूक, अथपासून इतिपर्यंत. रडलो. मंडळी रडली. एक जण म्हणाला, असा नम्र पाळक पाहिला नाही. आणि हिनं त्या दिवशी जेवताना पहिल्यांदा मला एकेरीत हाक मारली, लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. म्हणाली, ‘तू पुन्हा सांगितलंस.’ एवढंच. मग उठून ताट धुतलं.

हिला त्यानंतर दोन वर्षांनी गाठ झाली. छातीत.

मला कळलं तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवरून हिला स्ट्रेचरवर नेत होते. मला वाटलं चक्कर आली. डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, त्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे, ते बोलत सुटले — औषधाला दाद देईनासं झालंय, हाडांत गेलंय, आता आठवडे मोजायचे. मी ऐकत होतो. आणि मिस्त्री, मी वही काढली. सवयीनं हो! हात आपोआप जातो. डॉक्टर बोलताहेत आणि मी लिहितोय, आणि पोरगी शेजारी उभी, तिला वाटलं औषधांची नावं उतरवून घेतोय. तिनं वाकून बघितलं. वर मी सदर लिहिलं होतं, ‘धीर’. खाली लिहिलं होतं, ‘तिने आपले दुखणे कुणालाही न सांगता सोसले.’

हो. हीच ओळ. तिथलीच. पानभर लिहून, खोडून पुन्हा तिथंच आलो, शब्द बदलला नाही एक.

ती आत आईकडं निघून गेली. हिला माती देऊन आलो, लोक पांगले, मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, केवढा धीर तुझ्या आईचा, कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही तिनं. तेव्हा बोलली. शांतपणे, अगदी तिच्या आईसारखी. ‘कुणालाही नाही असं नाही, पप्पा. फक्त तुम्हाला नाही.’ तिला स्वतःला सांगितलं होतं, म्हणाली. जावयाला ठाऊक होतं. ऑर्गनवाल्या बाईंना ठाऊक होतं, त्याच दर पंधरा दिवसांनी हिला घेऊन जायच्या, मला सांगून जायच्या की महिलामंडळाची सभा आहे. हिचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ठाऊक होतं. अहो, भाजीवालीला ठाऊक होतं! ती पिशवी हिला उचलू द्यायची नाही, फाटकापर्यंत स्वतः आणून द्यायची, आणि मी आपला खिडकीतून बघून म्हणायचो, किती भली बाई. सात महिने सगळी गल्ली सांभाळत होती हिला, आणि मी हिच्याकडून संडे स्कूलच्या वह्या बांधून घेत होतो. स्टुलावर चढून माळ्यावरून काढून दे म्हणायचो. आणि ती चढायची.

का नाही सांगितलं मला? विचारलं होतं मी हिला, शेवटच्या आठवड्यात. ओठ सुकले होते, कापूस भिजवून लावत होतो. म्हटलं, मी तुझा नवरा ना गं. तर म्हणाली — ‘अहो, तुम्ही रविवारी सगळ्यांसमोर माझ्या छातीचं नाव घेतलं असतंत.’ रागानं नाही म्हणाली. माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली. आणि मी मनात काय म्हणालो असेन? मी म्हणालो — नाही, घेतलं नसतं. आणि लगेच कळलं की घेतलं असतं. प्रार्थनेत घेतलं असतं, डोळे मिटून.

हे मी कुणाला बोललो नव्हतो आजवर. तिनं मागितलेलं एकच वचन होतं ते, पोरीनं. एवढं तरी ठेवा, पप्पा, आईचं हे शेवटचं तरी बाहेर जाऊ देऊ नका. मी दिलं. आणि शनिवारी मी काय सांगणार होतो — खोटं. न सांगण्याजोगं खरं सांगता येत नाही म्हणून त्याच्यातून सांगण्याजोगं खोटं काढलं. तेवढं साधतं मला. आणि आता ते खरंही सांगून बसलो. तुम्हाला. तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही मला.

काही बोलू नका. असू दे. — तिनं तुमची ही तांबडी पेन्सिलच घेतली असेल नाही? इथंच बसली असेल. या उशीवर. मघापासून मी विचारतोय आणि तुम्ही टाळताय, ती बसली का? चार तास गाडीत बसून आलेला माणूस पाय मोकळे करतो, बसत नाही. उभं राहवत नव्हतं का तिला? मिस्त्री, इकडं बघा. तिच्या आईला होतं तसं — आईला असलं की मुलीला होतं म्हणतात — खरं सांगा, गाठ आहे का तिला? मला नाही सांगणार ती, तुम्हाला सांगेल, भाजीवालीला सांगेल, मला — नाही? देवाशपथ नाही? मग हात असा का करताय? — काय, पोटाशी? — गोल?

अहो.

अहो, काय सांगताय. किती — तुम्हाला काय कळणार म्हणा. — सहा? तीच म्हणाली? सहावा सरला. तरी दर रविवारी संध्याकाळी फोन करते हो मला. औषध घेतलं का, गुडघे कसे आहेत, गॅस बंद करता ना आठवणीनं. दर रविवारी. सहा महिने. आणि एकदाही — काल इथवर आली आणि घरी नाही आली, कारण आता दिसतं. बघितल्यावर लपणार कसं.

आणि तुम्ही सांगितलंत? तिनं सांगू नका म्हटलं होतं ना? म्हटलं होतं! आणि तुम्ही खुशाल हातवारे करून — एक दिवस, मिस्त्री, एक दिवस नाही राहवलं तुम्हाला? परक्या पोरीनं विश्वासानं सांगावं आणि तुम्ही पहिला भेटेल त्याला — तोंडात तीळ भिजत नाही तुमच्या! कुणाचं काय होतं त्यानं, कळतं का तुम्हाला — 

— हं.

माफ करा. तुम्हाला नव्हतो बोलत.

बघा, बघा हा हात कुठं चाललाय. खिशाकडं. बोटांनी टोपण काढलंसुद्धा पेनाचं. ‘आशा’ या सदराखाली, ओळही तयार आहे डोक्यात, सांगू? — नाही. नको. नाही सांगत. शनिवारचं बिशपसाहेबांना कळवून टाकतो, घसा बसलाय म्हणून. नाहीतर जाईन आणि मागच्या बाकावर बसेन, त्या पोरांचं ऐकेन. बघू.

कागद द्या इकडं. ही रेघ मधेच एका ठिकाणी तुटलीय. मी पुन्हा ओढतो वरून. झालं. नाव, जन्म, मृत्यू. बस. उरलेला दगड मोकळा राहू द्या, मोकळाच चांगला दिसेल. उशी तशीच ठेवा स्टुलावर, दगड बघायला ती पुन्हा येईल. मी त्या दिवशी इकडं फिरकणार नाही. आणि रविवारी फोन आला की मी गुडघ्यांचं सांगेन, गॅसचं सांगेन.

चला, सुरू करा तुमची करवत. आणि हे बघा — ती आली आणि विचारलं की पप्पा आले होते का, तर हो म्हणा. रेघ बघितली म्हणा, ठीक आहे म्हणाले. आणि आणखी काय म्हणाले असं विचारलं तिनं — विचारेलच ती — तर सांगा, काही नाही. काही बोलले नाहीत म्हणावं. आले, बसले आणि गेले.